उंडीखालचा डबा

मांडव्याची लाँच गेटवेवरून सुटली तेव्हा मी मधल्या बाकावर, लाइफ जॅकेटं ठेवलेल्या पेटीला गुडघा लावून बसलो होतो. ही माझी ठरलेली जागा. कडेला उभं राहून पक्ष्यांना खाऊ फेकणाऱ्या लोकांचा मला हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो. मी मूळचा भित्रा माणूस आहे. पाणी, कुत्री, गणवेशातली माणसं, आवाज चढवून बोलणारी माणसं, या सगळ्यांना मी भितो. चष्म्यावर उडालेले खारट थेंब निळ्या फडक्याने पुसत मी समोरचा किनारा जवळ येण्याची वाट बघत राहिलो.

ठाण्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाचं नाव छापलेली अशी निळी फडकी आम्ही प्रत्येक चष्म्याबरोबर देतो. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणणारा हा माणूस सुट्टीत रानोमाळ डबे शोधत हिंडतो, यावर माझ्या बायकोचाही अजून नीटसा विश्वास बसलेला नाही. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठेतरी एक डबा दडवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या वेबसाइटवर टाकतो. बाकीचे मोबाइलच्या आधाराने तिथे पोचतात, डबा शोधतात, आतल्या वहीत आपलं नाव लिहितात आणि डबा होता तसा, होता तिथे ठेवून देतात. आत छोट्या वस्तू असतात. एखादी उचलली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. खणायचं नाही, खाण्याचं काही ठेवायचं नाही. डबा ज्याचा, त्याने त्याची देखभाल करायची. जमीन ज्याची, त्याला आधी विचारायचं. आणि सगळ्यांचा लाडका नियम म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. कुणी बघत असेल तर चप्पल तुटल्याचं सोंग करा, फोन कानाला लावा, काहीही करा.

हा लाडका नियम आम्ही मनापासून पाळतो, कारण खरी गंमत त्यातच आहे. जमिनीच्या मालकाला विचारण्याचं मात्र तसं नाही. वेबसाइटवर डबा नोंदवताना ‘मालकाची परवानगी घेतली आहे’ अशी एक चौकट येते. चार वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या अलीकडच्या एका गावात डबा ठेवून मी त्या चौकटीत खूण केली होती. परवानगी घेतली नव्हती. अनोळखी दार वाजवायची भीती वाटली, एवढंच कारण.

त्या डब्याबद्दल गेल्या दोन महिन्यांत तिघांनी ‘सापडला नाही’ असं लिहिलं होतं. तिसऱ्याने पुढे एक ओळ जोडली होती: ‘झाडापाशी माणसं काठ्या घेऊन उभी होती. आम्ही गाडीतून उतरलोच नाही.’ ती ओळ वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. डबा माझा, तेव्हा जाऊन बघणं मलाच भाग होतं.

मांडव्याला उतरल्यावर बसला अवकाश होता. थांब्याजवळच्या लोखंडी कठड्याखाली दुसऱ्या कुणीतरी बोटाच्या पेराएवढी लोहचुंबकाची डबी चिकटवून ठेवली आहे, हे मला वेबसाइटवरून माहीत होतं. मी वाकून कठड्याखालून हात फिरवायला लागलो.

“काय शोधताय, काका?” मागून आवाज आला. निळ्या गणवेशातला पहारेकरी होता.

“चावी पडली,” मी म्हणालो. हे उत्तर माझ्या तोंडात कायम तयार असतं.

तो बिचारा लगेच खाली बसला. दगडांच्या फटी, गटाराची जाळी, सगळं त्याने हाताने चाचपून बघितलं. तेवढ्यात मला डबी लागली. त्याची पाठ वळताच मी आतल्या कागदाच्या सुरळीवर सही करून ती परत चिकटवली. बस आली तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही जा बिनधास्त. सापडली तर ठेवतो जपून.” मी हात हलवला. अलिबाग येईपर्यंत मी आपल्या हुशारीवर खूश होतो.

अलिबागला एका घरगुती खानावळीत जेवलो. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, सोबत चिरलेला इथला गोडसर पांढरा कांदा. वाढणाऱ्या बाईंनी “अजून एक घ्या, भाकरी हलकी हाय,” म्हणून तिसरी भाकरी वाढली. पण मला त्या काठ्या आठवत होत्या. ती तिसरी भाकरी मी पानातच ठेवून उठलो.

दुपारी अडीचच्या सुमारास एसटीने मला गावाच्या फाट्यावर सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ-पोफळींच्या (पोफळ म्हणजे सुपारीचं झाड) वाड्या, मधून पाटाचं पाणी, पलीकडे समुद्राचा आवाज. वाड्यांमध्ये भरदुपारीही अंधारून येतं. मागच्या वेळी मला ते फार आवडलं होतं. या वेळी प्रत्येक वळणावर मी मागे बघत होतो.

उंडीचं झाड वाडीच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून, रस्त्याच्या अगदी कडेला आहे. त्याच्या मुळांत एक पोकळी होती. तिथे मी चार कड्यांचा प्लॅस्टिकचा डबा ठेवून वर सपाट दगड लावला होता. आता ती पोकळी सिमेंटने बुजवलेली होती. समोर फोडलेला नारळ, हळदकुंकू आणि वाळून काळी पडलेली लिंबं होती. खोडाला काळा दोरा गुंडाळलेला होता. गडग्याच्या आत दोन घरं शेजारी शेजारी होती आणि त्यांच्यामधल्या विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या रचून ठेवल्या होत्या.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी सिमेंटकडे नेलेला हात मी मागे घेतला.

“तिथं हात लावू नका.”

गडग्यापलीकडे पंचेचाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या. “तुमी त्यातलेच ना? फोन बघत येनारे?”

“कशातले?” म्हणत मी सवयीने फोन कानाला लावला.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “चार वर्सं बघतेय मी तुमा लोकांचं. कुनाची चप्पल तुटते, कुनाला फोन येतो, कुनाची गाडी बंद पडते. उनाचं आलेत म्हनून कितींना पानी दिलंय मी. आता तेच माज्या अंगावर आलंय.”

त्यांचं नाव सुरेखा. पहिलं घर थोरल्या दिरांचं, गजाननभाऊंचं, दुसरं त्यांचं. नवरा जहाजावर नोकरीला, सहा महिन्यांनी येणार. दोन महिन्यांपूर्वी गजाननभाऊंचा मुलगा महेश पोफळीवरून पडला आणि त्याची कंबर मोडली. अजून अंथरुणात आहे. पुढच्याच आठवड्यात गडगा दुरुस्त करताना उंडीखाली डबा सापडला. त्यात एक बाहुली होती, बाहुलीच्या पोटात पिन होती. कुणाचे तरी केस अडकलेली क्लिप होती. आणि एक वही होती, तिच्यात ओळीने नावं. उघडलेल्या पानावर लाल शाईने एकच नाव होतं, महेश.

मला ती बाहुली माहीत होती. पिन लावून पर्सला अडकवायची कापडी बाहुली, कुणीतरी हौसेने ठेवलेली. लाल शाईतला महेशही आमच्यातलाच, नाशिकचा, प्रत्येक डब्यात लाल पेनानेच सही करतो. मी ते बोललो नाही.

“करनी क्येली म्हनतात मी,” सुरेखाताई म्हणाल्या. “ती फोनवाली मानसं हिच्याकडंच येतात, हीच त्यांना पानी देते, हिनंच आनली. विहीर बंद क्येली माजी. दीड म्हैना झाला, टाकीवरून पानी वाहते. आज पाच वाजता देवीला कौल लावनार हायेत.”

कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

“उजवी पडली तर?” मी विचारलं.

“तर मी क्येलं. मग ह्या घरात ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत मला. पोरीला घेऊन कुठं जाऊ?”

“पोलिसांना सांगा ना.”

“पोलीस येतील नि जातील. मला हितंच ऱ्हायचं हाय.” मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “आता जावा तुमी. तुमच्याशी बोलताना कुनी बघितलं तर अजून माज्यावर येल.”

मी गेलो. हे लिहायला लाज वाटते, पण मी खरंच गेलो. ‘डबा माझा आहे’ हे तीन शब्द बोलायला तिथे मला कुणी अडवलं नव्हतं. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो आणि सव्वाचारची एसटी आली तशी चढून बसलो. मनात हिशेब सुरू होता की मला कुणी ओळखत नाही, कौल डावाही पडू शकतो, आणि आपण सांगितलं तर ते आपल्यालाच मांत्रिक समजून बडवतील. त्या काठ्या मला लख्ख दिसत होत्या. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा माझ्या तोंडून अलिबागच्या ऐवजी “पुढचा थांबा” निघालं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

पुढचा थांबा दोनेक मैलांवर होता. तिथून मी उलटा चालत सुटलो. धावलो म्हणायला हवं, पण माझ्या वयाला आणि पोटाला जेवढं जमेल तेवढंच. वाटेत दोनदा थांबलो. दमलो म्हणून नव्हे, परत फिरावंसं वाटलं म्हणून. देऊळ कुठे ते विचारायची गरज पडली नाही, सगळा गाव त्याच दिशेने चालला होता.

कौलारू देऊळ, पुढे मोकळं अंगण. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, साठ-सत्तर माणसं तरी असतील. सुरेखाताई एकट्याच पायरीपाशी, पदर घट्ट धरून बसल्या होत्या. अंगणाच्या कोपऱ्यात एका जुन्या कापडावर माझा डबा होता आणि त्याच्याभोवती चार हात जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. आत गुरव (देवीचा पुजारी) पाषाणाला पाकळ्या लावून मागे सरकला. त्याने मोठ्याने प्रश्न विचारला, “आई, ही करनी घरातल्या बाईची असंल तर उजवी दे!”

सगळे पुढे वाकून पाकळ्यांकडे बघू लागले.

“तो डबा माझा आहे,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की कुणी वळलंही नाही. मग मी ओरडलो. “डबा माझा आहे! मी ठेवला! या बाईंचा काही संबंध नाही!”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुणीतरी कॉलर धरली. चष्मा नाकावरून सटकला. “मार त्याला,” असं कुणीतरी म्हणालं. मग एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस समोर आला. ते गजाननभाऊ.

“सोडा त्याला,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “माज्या वाडीत? कुनाला इचारून?”

“कुणालाच नाही.”

“का?”

“भीती वाटली,” मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी खेळ समजावून सांगायला लागलो. किती वेडगळ वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. मोठी माणसं, डबा लपवतात, शोधतात, नाव लिहितात, परत ठेवतात. “कशासाठी?” गजाननभाऊंनी विचारलं. “गंमत म्हणून,” मी म्हणालो आणि त्या अंगणात तो शब्द मलाच ऐकवेना.

डब्यात हा खेळ समजावणारा कागद होता. प्रत्येक डब्यात ठेवावा असा संकेत आहे, चुकून कुणाला सापडला तर घाबरू नये म्हणून. मी तो वेबसाइटवरून जसाच्या तसा छापून घेतला होता, इंग्रजीत. मराठी गावातल्या वाडीत डबा ठेवताना चार ओळी मराठीत लिहाव्यात, हे मला सुचलं नव्हतं. पिन टोचलेली बाहुली आणि ते नाव दिसल्यावर त्या डब्यातल्या बाकी कशाला कुणी हातच लावला नव्हता. मी कागद काढून मराठीत वाचून दाखवला. वहीचं पहिलं पान उघडलं, तिथे माझं नाव होतं.

“लिव इथं परत,” एकाने वही पुढे केली. “अक्षर बघू.”

मी लिहिलं. हात इतका थरथरत होता की दोन्ही अक्षरं एका माणसाची आहेत असं मीसुद्धा म्हटलं नसतं. लोकांत कुजबुज सुरू झाली. घाम पुसायला मी खिशात हात घातला आणि हाताला निळं फडकं लागलं.

“डब्याच्या तळाशी बघा,” मी म्हणालो. “असंच फडकं आहे. माझ्या दुकानाचं नाव आहे त्यावर.”

कुणी पुढे होईना. शेवटी गजाननभाऊंनी स्वतः डबा उपडा केला. मणी, क्लिप, बाहुली, एक खेळण्यातली गाडी आणि सगळ्यात शेवटी घडी घातलेलं निळं फडकं पडलं. त्यांनी दोन्ही फडकी शेजारी धरली. अक्षरन् अक्षर तेच होतं.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूने महेशच्या आई, मंदावहिनी, उठल्या. “फडकं काय, हिनंच बोलवून आनला असंल ह्याला. दुपारी गडग्यापाशी बोलत होती दोघं, मी बघितलंय.” मग त्यांचा आवाज फुटला. “खेळ म्हनं. मग माजा पोर पडला कशानं? सांगा ना. कशानं पडला?”

दोन महिने त्यांनी त्या डब्यावर भार टाकून दिवस काढले होते आणि मी तोही काढून घ्यायला आलो होतो.

गजाननभाऊ गुरवाकडे वळले. “काढ पाकळ्या.”

“लावलेला कौल काढता येत न्हाय, भाऊ,” गुरव म्हणाला. म्हातारा शांत माणूस होता. त्याने माझ्याकडे, मग सुरेखाताईंकडे बघितलं आणि पाषाणासमोर हात जोडले. “पर इचारायचं काय ते आपल्या हातात हाय. आई, पयला सवाल मागं घेतला. ह्यो मानूस खरं बोलत असंल तर उजवी दे.”

पाकळ्या त्याच होत्या. पाणी तेच, जागा तीच. फक्त प्रश्न बदलला होता. आम्ही सगळे त्या दोन लाल ठिपक्यांकडे बघत बसलो. देवीवर श्रद्धा नसलेला मी मनात ‘उजवी, उजवी’ असा जप करत होतो. चार वर्षांपूर्वी खोटी खूण करणारा मी, आणि माझ्या खरेपणाचा निकाल आता एक पाकळी देणार होती.

उजवी पडली.

अंगणात एकदम आवाज झाला. कुणीतरी देवीचं नाव घेतलं. सुरेखाताईंनी पदर तोंडाला लावला. गजाननभाऊ देवळाबाहेर गेले. थोड्या वेळाने आम्ही वाडीपाशी पोचलो तेव्हा ते विहिरीच्या वाटेवरच्या बाभळीच्या फांद्या हातानेच ओढून बाजूला करत होते. हाताला काटे लागत होते. मंदावहिनी ओटीवर बसून होत्या, त्यांनी त्या बाजूला बघितलं नाही.

मी सुरेखाताईंना ‘माफ करा’ म्हणालो.

“एवढी मानसं पानी पिऊन गेली माज्या हातचं,” त्या म्हणाल्या. “एकानं तरी सांगायचं होतं, ताई, आमी हे शोधतोय. मीबी लागले असते की शोधायला.”

त्यांनी मला पाणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. गावातल्या एका दुचाकीवाल्याने मला अलिबागपर्यंत सोडलं. गावाचं नाव मी लिहिलं नाही ते या दोन घरांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव्याला पोचलो तेव्हा तोच पहारेकरी थांब्याजवळ होता. मला बघून तो लगबगीने आला. “काका, चावी काय मिळाली न्हाय. ड्युटी सुटेपर्यंत बघत होतो.” मग थोडा घुटमळला. “एक इचारू? चावी खाली पडली, नि तुम्ही कठड्याखालून हात का फिरवत होता? घरी गेल्यावर मनात आलं. कायतरी ठेवून तर गेला न्हाय ना मानूस? साहेबाला सांगू का नको, रातभर झोप न्हाय मला.”

मी त्याला कठड्यापाशी नेलं, डबी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने सुरळी उलगडून नावं बघितली. “हे एवढंच?” तो म्हणाला. त्याला हसू आलं नाही, मलाही नाही. ज्याने ती ठेवली त्याला कळवतो, असं मी त्याला कबूल केलं.

लाँच सुटली. मी मधल्याच बाकावर बसलो आणि वेबसाइटवरून उंडीखालचा डबा कायमचा काढून टाकला. माझे आणखी सहा डबे आहेत आणि त्या सहाही चौकटींत मी खूण केलेली आहे. आता सहा अनोळखी दारं वाजवायची आहेत. त्या दारांची भीती आहेच, पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या पाकळीची. मी पुढच्या थांब्यावर उतरलो नसतो, अलिबागचं तिकीट काढून बसून राहिलो असतो, तरी ती उजवीच पडली असती, त्या पहिल्या प्रश्नाला.